फाळक्यांच्या घरातले चार फोटो: वाटाणा, मुलगी, मुलगा आणि जी दिसत नाही ती



मागच्या लेखात आपण तुरीचा कोवळा अंकुर प्रकाशाकडे का वळतो ते पाहिलं. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "पण हे वळणं तुम्ही मोजता कसं?" उत्तर सोपं आहे: फोटो काढून. प्रयोगशाळेत एका बंद कपाटात कुंड्या असतात, समोर छोटा कॅमेरा, आणि दर १० मिनिटांनी एक फोटो. दिवसाचे १४४ फोटो. सात दिवसांत हजाराच्या वर. ते सेकंदाला २५ या वेगाने चालवले की आठवडाभराची वाढ ४० सेकंदांत दिसते. अंकुर डोलतो, मान वर काढतो, वळतो.

सध्या मी दारव्ह्याला घरी आले आहे आणि कपाट तिकडेच राहिलंय. म्हणून आज प्रयोगाऐवजी एका जुन्या फोटोग्राफरबद्दल लिहिते. आपल्याकडे कुंडीतल्या रोपाची अशी फिल्म करणारा बहुधा पहिला माणूस. तुम्ही त्यांना वेगळ्या कारणाने ओळखता: दादासाहेब फाळके.

फाळके सिनेमावाले होण्याच्या आधी फोटोग्राफर होते, हे आपण विसरतो. जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईत जे. जे. आणि मग बडोद्याचं कलाभवन, अशा दोन्हीकडे शिकले. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. प्लेगमध्ये पहिली पत्नी आणि मूल गेलं, तेव्हा ते गाव सोडलं. पुढे बडोद्यात पुन्हा फोटोचा धंदा मांडला, पण कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो आणि माणूस मरतो अशी अफवा पसरली आणि गिऱ्हाईक येईना, असं त्यांच्या चरित्रात सांगतात. आपण हे वाचून हसतो. मला मात्र आता त्या लोकांचं फारसं हसू येत नाही. का, ते शेवटी सांगते.

वाटाणा

१९१२ मध्ये फाळके लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. सिनेमासाठी पैसा लावायला कोणी तयार नव्हतं. मग त्यांनी घरी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि "अंकुराची वाढ" ही छोटी फिल्म तयार केली. बी फुटतं, कोंब येतो, वेल वर चढतो. ती पाहून पैसे देणाऱ्यांना विश्वास वाटला. आज ही फिल्म पाहायला मिळत नाही.

या फिल्मबद्दल सगळीकडे एक वाक्य लिहिलेलं असतं: रोज एक फ्रेम, महिनाभर, आणि तयार झाली मिनिटभराची फिल्म. आता माझ्यासोबत जरा हिशोब करा. त्या काळी साधारण सेकंदाला १६ फ्रेम चालत. मिनिटाला झाल्या ९६०. रोज एक फ्रेम घेतली तर महिन्याला ३०. म्हणजे फिल्म जेमतेम दोन सेकंदांची! मिनिटभर चालायची तर रोज ३२ फ्रेम हव्यात. त्या वेळच्या बऱ्याच हातकॅमेऱ्यांत दांड्याच्या एका फेऱ्याला आठ फ्रेम जात. म्हणजे दिवसाला चार फेरे. हा माझा अंदाज आहे, पुरावा नाही. पण "रोज एक फ्रेम" हे गणितात बसत नाही, एवढं नक्की.

हे मी चूक काढायला सांगत नाहीये. गणित केल्यावर त्या घरातलं चित्रच बदलतं. दिवसातून एकदा येऊन खटका दाबून जाणारा माणूस डोळ्यांपुढून जातो आणि दिवसभर कुंडीपाशी घुटमळणारा माणूस दिसायला लागतो. कुंडी हलवायची नाही, कॅमेऱ्याला धक्का लागू द्यायचा नाही, घरातल्या पोरांना तिकडे फिरकू द्यायचं नाही. खिडकीचा उजेड एका बाजूने आला तर वेल तिकडे वाकणार, कारण वनस्पतीला वळायला लावतो तो मुख्यतः निळा प्रकाश, आणि त्या काळच्या फिल्मवर उमटायचा तोही मुख्यतः निळा-हिरवाच. जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म फेफर यांनी १९०० च्या आसपास रोपांच्या अशाच फिल्म केल्या होत्या, पण त्यांच्या पाठीशी विद्यापीठ होतं. फाळक्यांच्या पाठीशी दादरचं भाड्याचं घर होतं.

माझ्या मते चांगल्या पोर्ट्रेटची पहिली अट इथे पूर्ण होते. समोरच्याला त्याच्या वेळेने वाढू द्यायचं. वाटाण्याला घाई करता येत नाही.

मुलगी

सात वर्षांनी, १९१९ मध्ये, फाळक्यांनी "कालिया मर्दन" केला. कृष्णाचं काम त्यांच्या मुलीने, मंदाकिनीने केलं. याचा बराच भाग आज उरला आहे, जरूर पाहा. गोष्ट सुरू होण्याआधी एक पाटी येते: ही सात वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावरच्या भावांची ओळख आहे. आणि मग पडद्यावर फक्त तिचा चेहरा. एक भाव येतो, जातो, दुसरा येतो.

सिनेमा म्हणून पाहिलं तर याची गरजच नव्हती. कृष्ण, नाग, यमुना, ट्रिक फोटोग्राफी, लोक त्यासाठी येणार होते. पण बापाला आधी लेकीचा चेहरा दाखवायचा होता. मला हा फाळक्यांच्या सगळ्या कामातला सर्वांत चांगला तुकडा वाटतो. नागाच्या फणीवरचा कृष्ण भव्य आहे, पण तो मी कॅलेंडरवरही पाहिलाय. एका भावातून दुसऱ्या भावात जाणारा एका मुलीचा चेहरा कॅलेंडरवर मिळत नाही. इथेही पद्धत वाटाण्याचीच आहे: कॅमेरा हलवायचा नाही, समोर जे बदलतं ते बदलू द्यायचं.

मुलगा

आता जे मला खटकतं ते.

"राजा हरिश्चंद्र" मुंबईत ३ मे १९१३ ला लोकांपुढे आला. त्यात रोहिदासाचं काम फाळक्यांचा मुलगा भालचंद्र याने केलं. बाहेरचं चित्रीकरण वांगणीला झालं. नकली तलवारी घेतलेल्या नटांना पाहून गावकऱ्यांना दरोडेखोर आले असं वाटलं, ही गंमत सगळ्यांना माहीत असते. त्याच मुक्कामातली दुसरी हकीगत कमी सांगितली जाते. भालचंद्र खेळताना दगडावर पडला, कपाळाला लागलं, रक्त आलं, बेशुद्ध झाला. मंडळींनी सांगितलं, मुंबईला न्या. पण त्यात दिवस गेले असते. कथेत रोहिदास मरून पडलेला असतो तो प्रसंग घ्यायचा होता. चरित्रकार सांगतात की फाळक्यांनी बेशुद्ध पोराला तसंच ठेवून तो प्रसंग चित्रित करून घेतला.

ही हकीगत बहुतेक वेळा कौतुकाने येते: बघा केवढी निष्ठा! आज उरलेली रिळं १९१३ चीच की १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची, यावर अभ्यासकांत वाद आहे, त्यामुळे तो प्रसंग आपण पडद्यावर पाहतो असं छातीठोक म्हणता येत नाही. पण हकीगत खरी धरली तर तो भालचंद्राचा फोटो नाहीच. त्यात भालचंद्र हजर नाही. मंदाकिनी जे देत होती ते त्याला देता आलं नाही, आणि नाकारताही आलं नाही.

तुम्ही म्हणाल, १९१३ च्या माणसाला आजची फूटपट्टी का लावतेस? बरोबर आहे. ज्या नियमांवर आमच्या संशोधनाच्या नीतिसमित्या चालतात त्यांचा उगमच १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेत आणि १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यात आहे. भारतात आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की मुलांवर संशोधन करताना आईवडिलांची परवानगी तर हवीच, पण सातव्या वर्षापासून मुलाची स्वतःची तोंडी संमती घ्या आणि बाराव्या वर्षापासून लेखी. म्हणजे मंदाकिनीचं वय, सात, बरोबर त्या उंबरठ्यावर. फाळक्यांना दोषी ठरवायला मी हे सांगत नाही. कौतुक करणारे आपण आजचे आहोत, आणि फूटपट्टी आपल्या कौतुकाला लावायची आहे.

जी दिसत नाही ती

चौथी व्यक्ती म्हणजे सरस्वतीबाई. परेश मोकाशींच्या "हरिश्चंद्राची फॅक्टरी"मुळे (२००९) त्या आपल्याला थोड्या तरी माहीत झाल्या. त्यांनी दागिने दिले, अख्ख्या कंपनीचा स्वयंपाक केला, अंधारात बसून कोऱ्या फिल्मला कडेची भोकं पाडली, रसायनं कालवली, फिल्म धुतली. आणि चित्रीकरणाच्या वेळी पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहिल्या.

या चादरींबद्दल थोडं विज्ञान. तेव्हाची फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक. तिला निळा-हिरवा प्रकाश दिसतो, तांबडा जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे आभाळ पांढरं धोप येतं आणि कुंकू काळं. आपली सावळी-गव्हाळ कातडी निळ्यापेक्षा तांबडा-पिवळा प्रकाश जास्त परत पाठवते, म्हणून या फिल्मवर चेहरा आहे त्याहून काळवंडतो. उन्हात उभं केलं तर डोळ्यांच्या खोबणी नुसत्या काळ्या. यावर उपाय दोन: तोंडाला रंग फासणं, किंवा चादरीने ऊन चेहऱ्यावर परतवणं. म्हणजे त्या फ्रेममध्ये चेहरे वाचता येतात त्याला सरस्वतीबाईंचे हात कारण आहेत. कॅमेऱ्यामागे फाळक्यांचे त्र्यंबकचे मित्र तेलंग, बाजूला सरस्वतीबाई, समोर मुलगा. सगळं घरचंच.

तारामतीचं काम तू कर, असं फाळक्यांनी त्यांना विचारलं होतं आणि त्यांनी नको म्हटलं, असं सांगतात. हातात आधीच एवढी कामं असताना हेही कुठे! शेवटी तारामती झाले हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके. सरस्वतीबाईंचा नकार हा त्या घरातला असा प्रसंग, जिथे कॅमेऱ्यासमोर येण्याबद्दल विचारलं गेलं आणि "नाही" ऐकलंही गेलं. स्त्री नट मिळेना म्हणून पुरुषांना साड्या नेसवाव्या लागल्या, या नेहमीच्या गोष्टीत हा नकार पुसून जातो. मला तो नोंदवावासा वाटतो.

आणि आमचं घर

आता ते हसू का येत नाही ते सांगते. माझ्या फोनमध्ये "घर" नावाचा फोल्डर आहे. आई, बाबा, चुलत भावंडं, मोत्या कुत्रा, गोठ्यातली गाय, कपाशीत लावलेल्या तुरीच्या ओळी, मोतीबाग स्टेशनात उभे असलेले मित्रमैत्रिणी. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणासाठी मला जुन्या तुरीबद्दल आजीकडून माहिती हवी होती. ती अंगणात तूर पाखडत होती. ऊन छान तिरपं होतं. मी बोलता बोलता फोन वर केला. तिने सूप खाली ठेवलं.

"कायले काढतं वं माहा फोटू? आधी इचारत जाय ना."

मी नीतिसमितीपुढे १४ पानांचा अर्ज भरलेली मुलगी. अनोळखी शेतकऱ्याच्या बांधावर गेले तर आधी माहितीपत्रक वाचून दाखवते, सही नाहीतर अंगठा घेते, मगच पहिला प्रश्न. आणि घरच्या आजीला विचारायचं सुचलं नाही, कारण ती आपलीच. फोल्डर उघडून पाहिला. आजीचे बहुतेक फोटो पाठमोरे, कडेचे, नाहीतर पदर तोंडावर ओढलेले. मी इतकी वर्षं त्यांना "नैसर्गिक" समजत होते. ते नकार होते.

म्हणून घरच्यांचे, मित्रांचे, जनावरांचे, शेताचे फोटो काढणाऱ्या कुठल्याही फोटोग्राफरचं काम पाहताना मी आता हे पाहते: समोरच्याला हलायला, बदलायला, नको म्हणायला जागा होती का? वाटाण्याला होती. मंदाकिनीला बरीचशी होती असं तिचा चेहरा पाहून वाटतं. भालचंद्राला नव्हती. सरस्वतीबाईंनी ती स्वतः घेतली. फाळक्यांचं मोठेपण मान्य करूनही हा फरक सांगता येतो, आणि सांगायला हवा.

आजीचा तो फोटो मी पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर म्हणाली, पाखडून होऊ दे, लुगडं बदलते, मग काढ. काढला. तिने थेट कॅमेऱ्यात पाहिलंय आणि चेहरा जरा कडक आलाय. तो इथे टाकू का, हे मात्र मी तिला अजून विचारलेलं नाही, म्हणून आज या लेखासोबत फोटो नाही.

पुढच्या वेळी पुन्हा तुरीकडे वळू: रात्री अंधारात रोपाचे फोटो काढायचे, पण रोपाला उजेड कळू द्यायचा नाही, हे कसं जमवतात ते.