बेन जॉन्सन : स्वभाव की अभिनय?

ओक्लाहोमात १९१८ साली जन्मलेला गुराखी बेन जॉन्सन १९४० च्या सुमारास घोडे पोहोचविण्यासाठी हॉलिवूडला गेला आणि नटांच्या जागी घोडदौडीची धाडसे करीत तेथेच राहिला. जॉन फोर्डच्या ‘वॅगन मास्टर’मध्ये (१९५०) तो नायक झाला, १९५३ मध्ये रोडिओत सांघिक दोरफासाचे जागतिक विजेतेपदही त्याने मिळविले. असा नट पडद्यावर केवळ स्वतः वावरतो, अभिनय करीत नाही, असे म्हणण्याचा मोह होतो. फोर्डच्या चित्रपटांपुरते ते काही अंशी मान्य करता येईल. तेथे त्याची घोड्यावरील बैठकच बोलते.

परंतु ‘द लास्ट पिक्चर शो’मध्ये (१९७१) हा आधार उरत नाही. टेक्सासमधील ओसाड होत चाललेल्या गावातील वृद्ध सॅम तळ्याकाठी बसून गतप्रेमाची आठवण सांगतो. संवाद फार आहेत म्हणून जॉन्सनने ही भूमिका प्रथम नाकारली होती. प्रत्यक्षात तो शब्द आवरून, विराम सांभाळून बोलतो; आणि म्हणूनच दुःख भावविवश होत नाही. लगाम धरणाऱ्या हाताचा संयम येथे वाणीत उतरला आहे. ऑस्करने गौरविलेली ही भूमिका म्हणजे स्वभावदर्शन नव्हे, तर देहाने कमावलेल्या शिस्तीचे कलेत झालेले रूपांतर होय. ‘सहज अभिनय’ एवढे म्हणून समीक्षकाने थांबू नये. त्या सहजतेची घडण शोधणे हेच त्याचे कार्य आहे.