सौर रंगाच्या आकृतीत काय राहून जाते?

तिसगावला (ता. पाथर्डी, जि. अहिल्यानगर) शिक्षकांशी गप्पा मारायला गेलो असताना एका सरांनी आमच्यापुढे वर्तमानपत्राचे कात्रण ठेवले. भिंतीला रंग द्यावा तसा सौरघट फासता येईल आणि घरोघर वीज मिळेल, असा त्यातला मजकूर. सोबत आकृती: वर सूर्य, खाली एक लाल पट्टा, त्याखाली एक निळा पट्टा, बाजूला पेटलेला दिवा. सरांनी ती नववीच्या वर्गात फळ्यावरही काढली होती. त्यांचा प्रश्न मात्र व्यवहाराचा होता. शाळेच्या छपरावर सौर पॅनेल बसवायला वर्गणी जमली आहे. पण समितीतले काहीजण म्हणतात की, हा रंग येतोच आहे तर थांबू या. थांबावे का?

थांबू नका, असे आम्ही सांगितले. पण का थांबू नये याचे उत्तर त्या आकृतीत नव्हते, आणि आमची तक्रार आहे ती याबद्दल.

आधी कात्रणातले बरोबर ते मान्य करू. कार्बनी संयुगांचे सौरघट बनतात, ती द्रावकात विरघळवून काचेवर किंवा प्लॅस्टिकवर पसरता येतात, आणि थराची जाडी शंभर-दोनशे नॅनोमीटर इतकीच असते. (लेखकाने त्यांना ‘सेंद्रिय’ म्हटले होते. तिसगावात सेंद्रिय म्हणजे शेणखत, त्यामुळे दोन मुलांनी त्याची सांगड गोबरगॅसशी घातली. चूक मुलांची नव्हे.)

दोन पट्ट्यांची ती आकृती ज्या घटाची आहे, तो कोडॅक कंपनीतील सी. डब्ल्यू. टँग यांनी 1986 साली प्रसिद्ध केला. कार्यक्षमता सुमारे 1 टक्का. त्यातला निळा थर कॉपर थॅलोसायनिनचा. हे काही दुर्मिळ रसायन नव्हे. प्लॅस्टिकच्या वस्तू, छपाईची शाई आणि ऑइल पेंट यांना निळा रंग देणारे नेहमीचे रंगद्रव्य आहे. पुण्याची सुदर्शन केमिकल ही कंपनीही ते बनवते. मग शाळेच्या निळ्या दारातून वीज का येत नाही? हा प्रश्न वर्गात उठायला हवा. त्या आकृतीमुळे तो उठत नाही.

प्रकाश शोषला की रेणूतला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो आणि मागे रिकामी जागा राहते. सिलिकॉनमध्ये ही दोघे नेहमीच्या तापमानालाच सुटी होतात. कार्बनी पदार्थात ती एकमेकांना बांधलेली राहतात. दोन पदार्थांची सीमा गाठली तरच फुटतात. ही जोडी साधारण 10 नॅनोमीटर भटकते, आणि तेवढ्यात सीमा भेटली नाही तर विझून जाते. पण पुरेसा प्रकाश शोषायला थर सुमारे 100 नॅनोमीटर जाड हवा. म्हणजे पट्ट्यांच्या रचनेत बहुतेक जोड्या सीमेपर्यंत पोचतच नाहीत.

म्हणून 1995 साली कॅलिफोर्नियात हीगर यांच्या गटाने दोन्ही पदार्थ एकत्र मिसळलेला थर वापरला. हे मिश्रण कसे हवे? गावातले प्रत्येक घर पेठेपासून पाच पावलांवर हवे आणि पेठेतून वेशीपर्यंतचा रस्ता कुठे तुटता कामा नये, असे. मिश्रण फार भरड झाले तर जोड्या विझतात, आणि फार बारीक झाले तर सुटे झालेले विद्युतभार वाटेत अडकतात. ऑस्ट्रियातील लिंट्झ येथील गटाने 2001 मध्ये तेच दोन पदार्थ घेऊन टोल्युइनऐवजी क्लोरोबेंझीन हा द्रावक वापरला, तेव्हा कार्यक्षमता 0.9 वरून 2.5 टक्क्यांवर गेली. पदार्थ बदलले नव्हते, बदलली ती थराची घडण.

त्याहून सूक्ष्म गोष्ट रेणूच्या दिशेची. थॅलोसायनिनचा रेणू भाकरीसारखा चपटा असतो. साध्या काचेवर तो कडेवर उभा राहतो. काचेवर आधी कॉपर आयोडाइडचा पातळ थर दिला तर आडवा होतो. आडव्या रेणूंवर वरून येणारा प्रकाश चांगला शोषला जातो. शिवाय विद्युतभार एका भाकरीवरून दुसरीवर, म्हणजे चवडीच्या दिशेने, सहज सरकतो. घटाचे विद्युतअग्र वर आणि खाली असतात, तेव्हा चवडही उभी हवी. रेणू कडेवर असले तर भार आडवा वाहतो. तो ट्रान्झिस्टरला चालतो, घटाला नाही. केंब्रिजच्या गटाने 1999 मध्ये एकाच बहुवारिकात केवळ दिशेमुळे भारांच्या चालीत शंभरपटीहून अधिक फरक दाखवला होता. दाराच्या पेंटमध्ये हेच रेणू असतात, पण त्यांचे कण वीज न वाहणाऱ्या राळेत कसेही विखुरलेले. विद्युतअग्र तर नाहीतच.

आता ‘रंग’ या उपमेतली खोट दिसेल. रंग कसाही फासला तरी निळाच राहतो. सौरघटाचा थर कसाही फासून चालत नाही. शिवाय बसलेली घडणही टिकावी लागते. वैशाखात तापलेल्या पत्र्यावर रेणू हळूहळू सरकतात, मिश्रण भरड होत जाते. प्रयोगशाळेतल्या छोट्या तुकड्यांची कार्यक्षमता आता 20 टक्क्यांच्या आसपास आहे, हे खरे. पण छपरावरच्या सिलिकॉन पॅनेलला पंचवीस वर्षांची हमी मिळते, ती या तुकड्यांना मिळत नाही. दोष एकट्या पत्रकारांचा नाही. आम्ही संशोधकही शीर्षकात टक्केवारी घालतो आणि थराची घडण पाचव्या आकृतीत ढकलतो.

सरांना आम्ही पट्टे पुसायला सांगितले, आणि त्याऐवजी एक प्रयोग दिला. गरम पाण्यात तुरटी विरघळेल तितकी विरघळवा. दोन बशांत सारखे द्रावण ओता. एक बशी थंड पाण्याच्या परातीत ठेवून झटपट निववा. दुसरी झाकून, धक्का न लावता, सावलीत राहू द्या. दुसऱ्या दिवशी भिंगातून पाहा. पहिलीत बारीक कणांचा थर, दुसरीत मोठे, कडा असलेले स्फटिक. तुरटी तीच, पाणी तेच. हे बघून झाल्यावर मुलांना निळ्या दाराचा प्रश्न विचारा.