कॅप्टन नेमो कोण होता? : किशोरांसाठी साहसकादंबरी निवडताना

किशोरवयीन विद्यार्थ्यांना अवांतर वाचनासाठी काय सुचवावे, हा प्रश्न आपणा अध्यापकांपुढे दर जूनमध्ये उभा राहतो. आपल्या याद्यांत थोरांची चरित्रे असतात, बोधपर कथा असतात, स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शकेही असतात. साहस व अद्भुत यांवर उभ्या असलेल्या कादंबऱ्या मात्र यादीच्या तळाशी जातात. ज्या थोड्या येतात त्याही बहुधा ऐंशी-शंभर पानांच्या संक्षिप्त आवृत्तींच्या रूपाने. या संक्षेपात नेमके काय हरवते, याचा विचार फारसा होत नाही. प्रस्तुत लेखात ज्यूल्स व्हर्न (१८२८-१९०५) या फ्रेंच लेखकाच्या तीन कादंबऱ्यांच्या आधारे तो करावयाचा आहे. या तिन्ही कादंबऱ्यांचा आपल्या भूमीशी थेट संबंध आहे. शिवाय व्हर्नला मराठी किशोरांपर्यंत आणण्याचे मोठे काम 'फास्टर फेणे'चे जनक भा. रा. भागवत यांनी केले आणि त्यांचा जन्म इंदूरचा, ही बाब महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वाचकाला जवळची वाटावी अशी आहे.

गव्हाचा एक दाणा

'मिस्टीरियस आयलंड' (१८७५) या कादंबरीचा आरंभ अमेरिकन यादवी युद्धात होतो. मार्च १८६५ मध्ये पाच कैदी रिचमंड शहरातून बलूनमध्ये बसून पळतात आणि प्रशांत महासागरातील एका निर्जन बेटावर येऊन पडतात. संक्षिप्त आवृत्ती यातले वादळ, चाचे आणि ज्वालामुखी तेवढे ठेवते. परंतु कादंबरीचा जीव तेथे नाही. सायरस स्मिथ हा अभियंता दोन घड्याळांच्या काचा एकमेकींवर ठेवतो, कडा मातीने लिंपतो, आत पाणी भरतो आणि त्या भिंगाने विस्तव पेटवतो. हर्बर्ट या पंधरा वर्षांच्या मुलाला कोटाच्या अस्तरात गव्हाचा एकच दाणा सापडतो. सोबतचा खलाशी हसतो. स्मिथ मात्र हिशेब मांडतो. एका दाण्याला दहा ओंब्या, प्रत्येक ओंबीत ८० दाणे, म्हणजे पहिल्या पिकाला ८००. दुसऱ्याला ६,४०,०००. तिसऱ्याला ५१ कोटी २० लाख. चौथ्याला चाळीस हजार कोटींहून अधिक.

या प्रसंगात तलवार नाही, पाठलाग नाही. तरीही वाचकाचा श्वास रोखला जातो, कारण पाच माणसांची भाकरी त्या एका दाण्यावर अवलंबून आहे. व्हर्नची कल्पनाशक्ती चमत्कारात नाही, ती कृतीच्या तपशिलात आहे. वीट कशी भाजली, लोखंड कसे गाळले, हे तो पायरीपायरीने सांगतो. संक्षेप करणारा नेमक्या याच पायऱ्या गाळतो. मग उरते ती केवळ घटनांची यादी आणि ती वाचून विद्यार्थी म्हणतो, 'यापेक्षा चित्रपट बरा.' त्याचे चूक नाही. आपण त्याला कादंबरी दिलेलीच नसते.

नेमोची ओळख

याच कादंबरीच्या शेवटी, बेटावरील माणसांना गुप्तपणे मदत करणारा पुरुष म्हणजे पाणबुडीचा स्वामी कॅप्टन नेमो, हे उघड होते. तो आपली ओळख सांगतो : राजपुत्र डक्कार, बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, टिपू सुलतानाचा पुतण्या किंवा भाचा (फ्रेंच शब्दाचे दोन्ही अर्थ होतात) आणि १८५७ च्या उठावातील एक नेता. या नातेसंबंधाला इतिहासाचा आधार नाही. पण एका फ्रेंच लेखकाने आपल्या सर्वांत ज्ञानी व सर्वांत दुःखी नायकाला हिंदी माणूस केले, ही गोष्ट लहान नाही.

माझ्या अकरावीच्या वर्गात एका विद्यार्थ्याने नेमोची संक्षिप्त कथा वाचलेली होती. नेमो कोणत्या देशाचा, असे विचारता तो म्हणाला, 'इंग्रज असेल.' त्याच्या पुस्तकात ते पानच नव्हते. ते मी वाचून दाखवले तेव्हा वर्ग शांत झाला. नंतर त्याच मुलाने विचारले, 'सर, मग आम्हाला हे कोणी का नाही सांगितले?' या प्रश्नाचे उत्तर देणे हे आपले काम आहे.

उत्तराचा एक भाग भाषांतराच्या इतिहासात आहे. किंग्स्टन यांच्या नावे निघालेल्या जुन्या इंग्रजी भाषांतरात नेमोची इंग्रज राजवटीवरील टीका बदलली गेली आणि उठाव करणाऱ्यांनाच दोष देणारा मजकूर तेथे आला. मुळाला धरून केलेली नवी इंग्रजी भाषांतरे एकविसाव्या शतकाच्या आरंभी उपलब्ध झाली. तेव्हा ग्रंथालयासाठी प्रत घेताना ती कोणत्या भाषांतरावर आधारलेली आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.

मर्यादांचे काय?

व्हर्नची शिफारस करताना त्याचे दोष झाकण्याचे कारण नाही. नेमोची कहाणी ऐकून स्मिथ त्याला सांगतो की, भूतकाळ परत आणू पाहणे आणि अटळ प्रगतीशी झगडणे ही तुमची चूक होती. या निवाड्यात युरोपचा दृष्टिकोन स्पष्ट दिसतो. कादंबरीत स्त्री जवळजवळ नाहीच आणि नॅब या कृष्णवर्णीय पात्राला स्वामिनिष्ठेपलीकडे फारसे व्यक्तित्व मिळालेले नाही.

'ऐंशी दिवसांत जगाची सफर' (१८७३) या कादंबरीत मुंबईहून निघालेली आगगाडी अलाहाबादच्या अलीकडे थांबते, कारण पुढे रूळच नाहीत. प्रत्यक्षात मुंबई-कलकत्ता लोहमार्ग १८७० मध्येच जोडला गेला होता आणि कथा १८७२ मध्ये घडते. हत्तीवरून जंगलप्रवास घडवण्यासाठी लेखकाने रूळ उखडले, एवढाच त्याचा अर्थ. पुढे औदा या पारशी तरुणीला बुंदेलखंडात सती जाण्यास भाग पाडले जाते. पूर्वेकडचे सारे धर्म व चालीरीती एकाच गाठोड्यात बांधण्याच्या सवयीचे हे ठळक उदाहरण आहे.

सर्वांत बोलका विरोध 'स्टीम हाऊस' (१८८०) मध्ये सापडतो. येथे वाफेवर चालणारा पोलादी हत्ती आहे, उत्तर हिंदुस्थानातील प्रवास आहे आणि खलनायक आहेत नानासाहेब पेशवे. १८५७ कडे सूडाच्या भावनेने पाहणारा इंग्रज कर्नल येथे सहानुभूतीचा धनी होतो. म्हणजे ज्या लेखणीने १८७५ मध्ये त्या उठावातील एका नेत्याला महानायक केले, तिनेच पाच वर्षांनी दुसऱ्याला राक्षस केले. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचणारा विद्यार्थी लेखकावर प्रेमही करू शकतो आणि त्याला जाबही विचारू शकतो. वाङ्मयाच्या अभ्यासात याहून मोलाचे फारसे काही नाही.

काही सूचना

एक, आठवी-नववीसाठी 'ऐंशी दिवसांत जगाची सफर' द्यावी आणि नकाशा समोर ठेवून तिच्यातील चुका विद्यार्थ्यांनाच शोधू द्याव्यात. दोन, अकरावी-बारावीसाठी 'मिस्टीरियस आयलंड' पूर्ण स्वरूपात द्यावी. पूर्ण मराठी प्रत न मिळाल्यास गव्हाच्या दाण्याचे आणि नेमोच्या निवेदनाचे प्रकरण अध्यापकाने स्वतः मराठीत सांगावे. तीन, नेमोच्या दोन कादंबऱ्यांतील सनावळी परस्परांशी जुळत नाही. ती जुळवून पाहण्याचे काम चौकस विद्यार्थ्याला द्यावे. चार, 'स्टीम हाऊस' प्रथम अध्यापकांनी वाचावी आणि मगच प्रौढ विद्यार्थ्यांच्या हाती चर्चेसह द्यावी.

साहसकादंबरी बोध देते की नाही, या कसोटीवर आपण आजवर ती नाकारत आलो. तिच्यातील माणसे संकटात विचार कसा करतात आणि लेखक आपल्याविषयी काय समजून लिहितो, या दोन कसोट्या लावल्या तर यादीतील तिचे स्थान आपोआप वर येईल. कोटाच्या अस्तरातील तो एक दाणा स्मिथने फेकून दिला नाही. आपणही देऊ नये.