‘ऊर्जाबचत गाडी’चा हिशेब

टोकियोच्या चुओ मार्गावर १९८१ साली २०१ मालिकेच्या नारिंगी लोकलगाड्या नियमित धावू लागल्या. १९७०च्या दशकातील तेलटंचाईचा धसका ताजा होता. गाडीच्या तोंडावर ‘ऊर्जाबचत गाडी’ असा फलकही झळकत असे. हा दावा कितपत खरा होता?

त्याआधीच्या १०३ मालिकेच्या गाड्या मुंबईच्या जुन्या लोकलप्रमाणेच १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालत. थांबलेल्या मोटारीला एकदम पूर्ण दाब दिला तर प्रवाह बेसुमार वाढतो. म्हणून मोटारींबरोबर एकसरीत रोधक जोडत आणि वेग वाढेल तसे ते एकेक करून वगळत. तोवर रोधकांत बरीच वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाई. ब्रेक लावतानाही तेच. ४० टनांचा डबा सेकंदाला २० मीटर वेगाने जात असेल, तर ½mv² या सूत्राने त्याची गतिज ऊर्जा ८० लक्ष ज्यूल, म्हणजे सुमारे सव्वादोन युनिट येते. प्रत्येक स्थानकावर थांबताना ती गमवायची!

२०१ने दोन्ही गळती रोखल्या. थायरिस्टर ही अर्धवाहक कळ विद्युतप्रवाह सेकंदाला शेकडो वेळा जोडते-तोडते. जोडलेल्या काळाचे प्रमाण बदलले की मोटारीला मिळणारा सरासरी दाब बदलतो. रोधकांची गरज उरत नाही. ब्रेक लावताना मोटार जनित्र बनते आणि वीज तारेत परत जाते. मात्र ती घेणारी दुसरी गाडी जवळपास हवी.

इथवर कल्पना निर्दोष आहे. उणीव आहे ती इतरत्र. ही अर्धवाहक सामग्री फार महाग होती आणि डबे नेहमीच्या जड पोलादाचेच राहिले. १९८५ साली आलेल्या २०५ मालिकेने याचा धडा घेतला. तिने सुरुवातीसाठी जुने रोधक ठेवले, पण स्वस्त नियंत्रणपद्धती वापरून ब्रेकची वीज परत मिळवली आणि स्टेनलेस स्टीलचे हलके डबे वापरले. तिचा वीजवापर १०३च्या सुमारे दोन-तृतीयांश भरला. २०१चे उत्पादन त्याच वर्षी थांबले.

म्हणून २०१ फसली असे म्हणता येणार नाही. चुओ मार्गावर तिने २०१० पर्यंत सेवा दिली. पण तिच्या रचनाकारांनी नियंत्रक सुधारला आणि डब्याच्या वजनाला हात लावला नाही, ही टीका रास्त आहे. वजन निम्मे केले तर वेग देण्यासाठी लागणारी ऊर्जाही निम्मी होते. हे तर आपले विद्यार्थीही वरच्या सूत्रावरून सांगू शकतील.

ऊर्जाबचतीचे धडे शिकवताना आपण बहुधा एकेक उपकरण सुटे काढून दाखवतो. २०१ आणि २०५ यांची तुलना वर्गात मांडावी आणि विद्यार्थ्यांना विचारावे : बचत मोजताना नियंत्रक, डबा, शेजारची गाडी आणि किंमत यांपैकी काय काय हिशेबात धराल?