न्यायमूर्ती जयकर आणि ‘फेडरल’ या शब्दाची अर्थमर्यादा

मुकुंद रामराव जयकर (१८७३–१९५९) यांच्या इंग्रजी आत्मचरित्राचे दोन खंड उपलब्ध असले, तरी त्यांतील निवेदन १९२५ च्या सुमारास थांबते. १९३७ साली फेडरल कोर्टाच्या पहिल्या तीन न्यायाधीशांत त्यांची नेमणूक झाली आणि १९३९ साली ते प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर गेले. हा भाग त्यांत आलेलाच नाही. त्यामुळे जयकरांतील न्यायाधीश शोधावयाचा तो त्यांच्या न्यायालयीन लेखनातच.

या दृष्टीने मध्यप्रांत-वऱ्हाडच्या पेट्रोलविक्रीवरील कराचे, अभिप्रायार्थ कोर्टाकडे आलेले १९३८ चे प्रकरण महत्त्वाचे ठरते. हा कर प्रांताच्या कक्षेतील ‘विक्रीकर’ की केंद्राच्या कक्षेतील ‘उत्पादनशुल्क’, असा प्रश्न होता. तिन्ही न्यायाधीशांनी प्रांताचा अधिकार मान्य केला. जयकरांनी आपले मत स्वतंत्रपणे लिहिले. वरवर कराचा दिसणारा हा वाद वस्तुतः दोन शब्दांच्या अर्थमर्यादेचा होता. शब्दाचा कोशगत अर्थ कितीही व्यापक असो, शेजारच्या शब्दाला जागा ठेवूनच तो निश्चित करावा लागतो, हे तत्त्व या अभिप्रायाच्या मुळाशी आहे.

हीच कसोटी ‘फेडरल’ या शब्दास लावली पाहिजे. संस्थाने सामील न झाल्याने संघराज्य अस्तित्वात आलेच नाही. मोखाडा ब्रिटिश ठाणे जिल्ह्यात, तर लगतचे जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान. मोखाड्याचा घटनात्मक प्रश्न मुंबई उच्च न्यायालयामार्फत या कोर्टापुढे जाऊ शकत होता, जव्हारचा नव्हे. जयकरांचे मूल्यमापन करताना ही उणीव त्यांच्या माथी मारू नये, पण दृष्टिआडही करू नये. ज्या संघाचा अर्थ लावण्याचे काम त्यांच्याकडे आले, तो तेव्हा केवळ कायद्याच्या भाषेतच होता.