घडी होणारा दिवा

इसामू नोगुची या शिल्पकाराच्या ‘अकारी’ दिव्यांचे कौतुक बहुधा त्यांच्या आकारासाठी होते. मला मात्र त्यातला विचार मोठा वाटतो. वडील जपानी, आई अमेरिकन असलेला नोगुची १९५१ साली जपानमधील गिफू शहरी गेला. तिथला कंदिलांचा जुना धंदा तेव्हा मंदावला होता. त्याने बांबूच्या कामट्या आणि तुतीच्या सालीचा कागद कायम ठेवला, नक्षी वगळली आणि मेणबत्तीच्या जागी विजेचा दिवा लावला. कंदील पूर्वीसारखाच मिटून सपाट होत राहिला. अशा रीतीने सणासुदीची वस्तू रोजच्या बैठकीत आली.

कामट्या, पतंगी कागद आणि खळ एवढ्यावर आपला आकाशकंदीलही उभा राहतो. पण आपण त्याला दिवाळीपुरताच ठेवला. इथे बिन महमूदच्या फ्लॅटांत वर्षभर पांढरी ट्यूबलाइट असते आणि दिवाळीत गॅलरीत प्लॅस्टिकचा कंदील लागतो. कागदातून उजेड गाळून येतो. प्लॅस्टिकमधून नुसता रंग येतो.

अकारीत एक उणीव मात्र मला जाणवते. तो घरातल्यांसाठीच जळतो. आकाशकंदील दाराबाहेर, येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी टांगलेला असतो. म्हणून मुलांना घेऊन कामट्या बांधाव्यात. आणि दिवाळी सरली की तोच कंदील बैठकीत लावावा.