खालची रेघ

मराठी अक्षरं वरच्या रेघेला धरून असतात. लहानपणी पाटीवर शब्द लिहून झाला की शेवटी वरून रेघ ओढायची आणि मगच तो शब्द पुरा झाल्यासारखा वाटायचा. संगणकावर काम करायला लागल्यावर मला भेटली ती खालची रेघ, अक्षरांच्या पायाशी पडून असलेली. अंडरस्कोर. मी ज्या कृतीबद्दल लिहिते आहे तिच्या नावातच ही रेघ आहे: 'बायो-फॉरमॅट्स_प्लगइन्स.जार'. हे एका फाइलचं नाव आहे. सूक्ष्मदर्शकाखालच्या चित्रांवर काम करणाऱ्या पुष्कळांच्या संगणकात ते सापडेल, आणि बहुतेकांनी ते कधी नीट वाचलेलं नसेल. ते सावकाश वाचावं, असं मला फार दिवसांपासून वाटतं आहे.

आधी पार्श्वभूमी. आजचा सूक्ष्मदर्शक नुसता फोटो काढत नाही. पेशीचे तीस-चाळीस थर, प्रत्येक थर तीन रंगांत, दर काही सेकंदांनी पुन्हा, असा सगळा पसारा तो एका फाइलमध्ये भरतो. शिवाय भिंग कोणतं होतं, लेझर किती होता, एक पिक्सेल म्हणजे किती मायक्रॉन, हेही त्यातच असतं. अडचण अशी की प्रत्येक कंपनी हे गाठोडं आपल्या पद्धतीने बांधते. झाइसची सीझेडआय, लायकाची एलआयएफ, निकॉनची एनडी2. एकीचं दुसरीच्या प्रोग्रामला कळत नाही. बायो-फॉरमॅट्स ही लायब्ररी अशी 150हून अधिक प्रकारची गाठोडी सोडते. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या 'लोकी' या प्रयोगशाळेत ती वाढली आणि पुढे स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातले लोकही तिच्यात उतरले. मेलिसा लिंकर्ट आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये 'जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी'त तिच्यावर लेख लिहिला. त्याचा भर चित्रापेक्षा चित्रासोबतच्या माहितीवर होता.

पण लायब्ररी ही विचारल्याशिवाय बोलत नाही. दुसऱ्या प्रोग्रामने 'ही फाइल उघड', 'सातवा थर दे' असं म्हणावं, मग तिने द्यावं. प्रयोगशाळेत बसलेल्या मुलीला प्रोग्रामिंग येत नसेल तर या सगळ्या विद्येचा तिला काय उपयोग? तिच्यासमोर उघडा असतो इमेजजे. अमेरिकेतल्या बेथेस्डा इथे, एनआयएच या आरोग्य-संशोधन संस्थेत वेन रासबँड यांनी 1987 मध्ये मॅकिंटॉशसाठी 'एनआयएच इमेज' लिहिला आणि 1997 मध्ये तोच विचार जावा भाषेत नव्याने मांडला, तो हा इमेजजे. त्याची खिडकी म्हणजे एक बारीकशी पट्टी: वर मेनू, खाली बटणं, बस. त्या पट्टीत लायब्ररीला जागा करून द्यायची, हे ज्या फाइलचं काम ती आपली बायो-फॉरमॅट्स_प्लगइन्स.

रासबँडनी बाहेरच्यांसाठी दार उघडं ठेवलं होतं. 'प्लगइन्स' नावाच्या फोल्डरमध्ये आपली फाइल टाकायची, इमेजजे बंद करून पुन्हा उघडायचा, की ती मेनूत दिसते. अट एकच, नावात निदान एक अंडरस्कोर हवा. तो असेल तर जावाचा क्लास, म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा, मेनूत चढतो, आणि चढताना त्या रेघेची मोकळी जागा होते. नसेल तर तो क्लास दिसत नाही, पण हाक मारली तर कामाला असतोच. अनेक क्लास एकत्र बांधलेल्या जार फाइलचंही तसंच: नावात अंडरस्कोर असेल तरच इमेजजे ती उघडून आत मेनूसाठी काही ठेवलं आहे का ते पाहतो.

लिहायचं पण वाचायचं नाही, असं चिन्ह मराठी माणसाला नवं नाही. 1962च्या नियमांपूर्वीची पुस्तकं उघडा, 'तूं', 'घरीं', 'कां' यांवरचे अनुस्वार दिसतील. उच्चारात ते नव्हते, पण जाणत्या वाचकाला ते विभक्ती सांगत, शब्दाचं मूळ सांगत. इमेजजेचा अंडरस्कोर त्याच जातीचा आहे. वापरणाऱ्याला तो दिसत नाही, ज्याला कळायला हवं त्याला कळतो.

आता नाव पुन्हा वाचा. 'बायो-फॉरमॅट्स' यात संयोगचिन्ह आहे. ते दोन शब्द माणसासाठी जोडतं. त्यापुढचा अंडरस्कोर यंत्रासाठी आहे. आणि हीच फाइल 'फिजी' या इमेजजेच्या भरल्या घरात पाहिली तर तिच्या भावंडांची नावंही वाचण्याजोगी आहेत: 'फॉरमॅट्स-एपीआय', 'फॉरमॅट्स-बीएसडी', 'फॉरमॅट्स-जीपीएल', 'ओएमई-एक्सएमएल'. सगळीकडे संयोगचिन्हं, अंडरस्कोर कुठेच नाही. ती 'जार्स' नावाच्या आतल्या फोल्डरमध्ये राहतात. फाइल वाचण्याचं खरं काम त्यांचंच. दारात उभी राहते ती एकटी रेघवाली. परवाना कोणता हेही नावातच आहे: बीएसडी म्हणजे कुणीही घ्या, बंद प्रोग्राममध्येही वापरा, जीपीएल म्हणजे घ्या, पण पुढे द्याल ते उघडंच द्या. बांधणी करणाऱ्याने दोन गठ्ठे वेगळे ठेवले, त्यामुळे पुढच्या माणसाला कोणता उचलायचा ते नाव वाचूनच ठरवता येतं. असा नेमकेपणा मला फार आवडतो.

जारच्या आत 'प्लगइन्स.कॉन्फिग' नावाची साध्या मजकुराची फाइल आहे. तिच्यातल्या मेनूची वस्तू सांगणाऱ्या ओळीला स्वल्पविरामांनी तोडलेले तीन भाग आहेत: मेनूत कुठे बसायचं, तिथे कोणत्या नावाने दिसायचं, आणि ते नाव दाबलं की कोणता क्लास उठवायचा. 'बायो-फॉरमॅट्स इंपोर्टर' या नावापुढे 'लोकीइंपोर्टर' हा क्लास आहे, आणि कंसात एक वाक्य, त्यात 'विंडोलेस बरोबर फॉल्स'. दुसऱ्या ओळीत नाव आहे 'बायो-फॉरमॅट्स विंडोलेस इंपोर्टर', क्लास तोच, कंसात फक्त 'फॉल्स'च्या जागी 'ट्रू'. वापरणाऱ्याला दोन वस्तू दिसतात, आत एकच आहे. एक पर्याय विचारणारी खिडकी उघडते, दुसरी काही न विचारता मागच्या वेळचीच उत्तरं धरून फाइल उघडते. रोज एकाच यंत्रावरच्या शेकडो फाइली उघडणाऱ्याला हे केवढं सुख आहे! 'विंडोलेस' हा शब्द मात्र मला पटत नाही. तो लिहिणाऱ्याच्या बाजूचा शब्द आहे. समोर बसणारीला हवं होतं 'न विचारता उघडा'.

लोकीइंपोर्टर उघडून पाहिला की आणखी शांत वाटतं. इमेजजेचा प्लगइनशी करार इतका छोटा आहे की तो एका श्वासात सांगता येतो: 'रन' नावाचं एकच काम असू दे, त्याला मी एक वाक्य देईन. लोकीइंपोर्टर ते वाक्य घेतो आणि जवळजवळ तसंच आतल्या 'इंपोर्टर'कडे सोपवतो. तिथून पुढची नावं एखाद्या अनुक्रमणिकेसारखी लागतात. पर्याय वाचा, माणसाला विचारा, पिक्सेल वाचा, दाखवा. उंबरठ्यावर कुणी रेंगाळत नाही. असं दोन प्रोग्रामांना जोडणारं वेष्टन लिहिताना आपलीही थोडी हुशारी तिथेच ओतण्याचा मोह होतो, हे मला माझ्या कामातून ठाऊक आहे. इथे तो मोह कुणीतरी आवरला आहे.

खिडकीत तीच रेघ दुसऱ्यांदा भेटते, नव्या अर्थाने. तिथे चौकटी आहेत: 'ओपन ऑल सिरीज', 'स्प्लिट चॅनल्स', 'स्वॅप डायमेन्शन्स'. दिसताना सुटे शब्द, पण मुळात त्यांच्यामध्ये अंडरस्कोर आहेत. कारण इमेजजेचा रेकॉर्डर चालू असेल तर तुम्ही केलेली प्रत्येक निवड तो एका ओळीत टिपून घेतो, आणि पर्यायाच्या नावाचा पहिला शब्द हीच त्याची खूण धरतो. रेघ नसती तर 'ओपन ऑल सिरीज'मधला नुसता 'ओपन' उरला असता, आणि 'ओपन' ही तर फाइलच्या पत्त्याची खूण आहे. रेघेमुळे तिन्ही शब्द मिळून एक शब्द होतो. पडद्यावर ते सुटे राहतात, नोंदीत त्यांची गाठ बसते. ही नोंद म्हणजे त्या मुलीच्या हातांनी केलेल्या कामाचा लेखी पुरावा. सहा महिन्यांनी तीच ओळ चालवली की फाइल त्याच पर्यायांनी उघडते. परीक्षकाने 'तुम्ही नेमकं काय केलंत?' असं विचारलं तर ती ओळ दाखवता येते.

पुन्हा चालवण्याचा प्रश्न नावांनाही आहे: 'लोकी' हे मूळ प्रयोगशाळेचं नाव क्लासांच्या नावात अजून आहे. लायब्ररीचं घर आता मोठं झालं, दुसरीकडेही पसरलं, तरी ते बदललेलं नाही. बदललं असतं तर त्या नावाने हाक मारणाऱ्या जगभरातल्या लोकांच्या स्क्रिप्टा एका दिवसात मुक्या झाल्या असत्या. जुनं नाव सांभाळणं ही इथे जुन्या स्क्रिप्टांना दिलेली सोय आहे.

आणि मग सांध्याची सर्वांत अवघड जागा. लायब्ररी चित्र देते ते बाइटांच्या ओळीत. इमेजजेला हव्यात संख्या. सोळा बिटांच्या चित्रात एका पिक्सेलला दोन बाइट लागतात, मग त्यातला आधी कोणता? मराठीत हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. आपण लिहितो 25, त्यात दोन आधी. म्हणतो पंचवीस, त्यात पाच आधी. काही यंत्रं लिहिल्यासारखी, मोठा भाग आधी ठेवतात, काही बोलल्यासारखी, लहान भाग आधी. 258 ही संख्या म्हणजे 256चा एक आणि वर दोन. एक यंत्र ती 'एक, दोन' अशी ठेवेल, दुसरं 'दोन, एक'. उलटी वाचली तर 258चे 513 होतात, आणि मंद चमकणारी पेशी अचानक दुप्पट उजळते. काही बंद पडत नाही, चुकीचा संदेश येत नाही, चित्र सुंदरही दिसू शकतं. अशी चूक छापून गेली तर कुणाला कळणार? बायो-फॉरमॅट्सच्या कोडमध्ये बाइटांच्या संख्या करणारं एक छोटं काम आहे. त्याला बाइट द्यायचे, एका संख्येला किती लागतात ते सांगायचं, आणि शेवटी 'लिटल' हो की नाही, म्हणजे पंचवीसवालं की 25वालं. सबंध प्लगइनमधला हा शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि फाइल उघडताना तो सहसा कुणाला पडद्यावर दिसत नाही.

बांधणीचा एक पेच मात्र उरतोच. सगळी भावंडं एकाच पोत्यात भरलेली 'बायोफॉरमॅट्स_पॅकेज.जार' हीही मिळते, पूर्वी तिचं नाव 'लोकी_टूल्स.जार' होतं. साध्या इमेजजेसाठी ती सोयीची: एक फाइल टाकली, काम झालं. पण फिजीत भावंडं आधीच वेगवेगळी नांदत असतात. तिथे हे पोतंही टाकलं तर एकाच क्लासच्या दोन आवृत्त्या घरात होतात, आणि जावा जी आधी सापडेल ती उचलतो. एकदा अख्खी दुपार मी एका नाहीशा झालेल्या 'मेथड'च्या मागे घालवली. शेवटी फोल्डरमध्ये कधीकाळी मीच ठेवलेलं जुनं पोतं सापडलं. ते काढलं आणि इमेजजे पुन्हा उघडला.

शेजारी एक विद्यार्थिनी बसली होती, कांद्याच्या मुळाच्या टोकाचे थर घेऊन आलेली. तिने इंपोर्टर दाबला, खिडकीत काहीही न बदलता पुढे गेली. चित्र आलं, आणि चित्राच्या वर इमेजजे दाखवतो ती बारीक ओळ: 1/30, 204.80 × 204.80 मायक्रॉन (1024 × 1024), 16 बिट, 60 एमबी. तिने ती ओळ वाचली नाही. सरळ रेषेचं हत्यार उचललं, एका केंद्रकाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढली, 'एम' दाबलं, आणि आलेला मायक्रॉनमधला आकडा वहीत उतरवून घेतला.